पायाक नारळ

दवाखान्यात औषध संपतं, लेबलं गळून पडतात, पण किस्से मात्र शिल्लक राहतात. पन्नास-साठच्या दशकांत मी मालवणजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. पेशंट घरून रिकाम्या बाटल्या आणायचे आणि जाताना बाकावर एखादी गोष्ट ठेवून जायचे. त्यातल्या गुडघ्यांच्या तेवढ्या सांगतो.

*

आमच्या डॉक्टरांचं म्हणणं एकच. गुडघ्याची झीज नुकती सुरू झाली असेल तर आत्ताच ऐका. वजन उतरवा, मांडीत ताकद आणा, उकिडवं बसू नका, शेक घ्या, काठी धरा. गोळी फक्त फार दुखेल त्या दिवशी, तीही जेवून.

लोक हिरमुसायचे. "इंजेक्शन नाय? मगे ह्यां कसला औषध?"

जानकीकाकींना तर डॉक्टरांनी बजावलं, "काकी, भात कमी करा."

पंधरा दिवसांनी काकी काट्यावर उभ्या राहिल्या. वजन दोन पौंड जास्त!

"डॉक्टरांनू, देवाशपथ, भाताक हात लावूक नाय! तिन्ही टायमाक नुसती पेज घेतंय!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी बाटलीला बूच लावत राहिलो.

*

शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरांना काठीची लाज. "काठी धरली की माणूस म्हातारा दिसतो," असं त्यांचं मत. त्यांनी काठीऐवजी छत्री धरली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुखऱ्या पायाच्या उलट हातात. भर उन्हाळ्यात छत्री टेकत ऐटीत फिरायचे.

आषाढात एकदा दवाखान्यात आले ते नखशिखांत भिजून! हातात मिटलेली छत्री!

"मास्तर, उघडली का नाही?"

"उघडली तर चालू कशावर?"

*

आता खुद्द डॉक्टर. खुर्चीतून उठले की कर्रर्र आवाज व्हायचा. "खुर्ची जुनी झाली रे," म्हणायचे. मी खुर्चीला तेल घातलं. आवाज तसाच. पुन्हा घातलं. तिसऱ्या वेळी डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते, खाली वाकून पेन उचललं, आणि कर्रर्र!

मी तेलाची बाटली गपचूप कपाटात ठेवली.

*

आणि दादा-अण्णांचा किस्सा तर विचारूच नका! दोघे चुलत भाऊ, घरं समोरासमोर, बांधावरच्या एका माडावरून बारा वर्षं बोलणं बंद. जत्रेत पालखीचा पुढचा खांदा दादांचा. दादांना जमलं नाही तर मान अण्णांकडे जाणार, हे सगळ्या गावाला ठाऊक.

एका भर दुपारी दादा मागच्या दाराने आले. गुडघा सुजलेला, डोळ्यांत पाणी.

"माझ्या बापाशीन हो खांदो कधी सोडूक नाय. मियां सोडलंय तर खंय तोंड दाखवू? इंजेक्शन मारा आणि माका मोकळो करा. पण अण्णाक कळता नये!"

फार वाईट वाटलं हो मला. डॉक्टर म्हणाले, "जत्रेला चार महिने आहेत. नारळ पिशवीत घालून पायाला बांधा, खुर्चीत बसून पाय सरळ उचला, हळूहळू दहा मोजा. सकाळ-संध्याकाळ."

आठवड्याने अण्णा आले, पुढच्या दाराने. तेच दुखणं, तोच नारळ! त्यांचा गुडघा दादांपेक्षा जरा बरा होता, म्हणून पंधरा दिवसांत डॉक्टरांनी दोन नारळ केले.

दुसऱ्या दिवशी दादा पुढच्या दाराने, सगळ्या बाकासमोर!

"अण्णाक दोन नारळ दिलास आणि माका एक? मानकरी कोण?"

"मान तुमचाच," डॉक्टर म्हणाले. "पण दुसरा नारळ हवा तर महिनाभर खाडा नको."

एकही खाडा झाला नाही. रोज संध्याकाळी समोरासमोरच्या खळ्यांत, म्हणजे अंगणांत, दोघे नारळ बांधून बसत आणि एकमेकांना ऐकू जाईल असं मोजत. दादा दहा म्हणाले की अण्णा अकरा! एके दिवशी दादांनी भराभर मोजलं, तर पलीकडून आरोळी आली, "हळू मोज! डॉक्टरान हळू मोजूक सांगल्यान हा!"

बारा वर्षांत भावाशी बोललेलं पहिलं वाक्य!

*

जत्रेला पालखी दवाखान्यापुढे थांबली. पुढच्या खांद्याला दादा, ताठ! मला भरून आलं. डॉक्टर हात जोडायला खुर्चीतून उठले. कर्रर्र! दादांनी मान वळवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ एकत्र आले, पुढच्या दाराने. दादांनी टेबलावर नारळ ठेवला. डॉक्टरांनी भक्तिभावाने तो कपाळाला लावला.

"प्रसाद?"

"प्रसाद तुमच्या घराक धाडलंय," दादा म्हणाले. "हो पायाक बांधा."

अण्णांनी पिशवी पुढे केली.

"बसा, डॉक्टरांनू. आमी दोघाय मोजताव."