पानावर बसलेली माणसं

मी कोकणात एकदाच गेले, तेही भाकऱ्या थापायला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचा जिल्हा तेव्हा उस्मानाबाद, आणि लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावाला पक्की सडक नव्हती. शेतकऱ्यांना दुसरा मुलूख दाखवायचा असं सरकारच्या मनात आलं होतं. आमच्या भागातले बावीस गडी निवडले. घाटातलं जंगल पायी उतरायचं, खाली समुद्र बघायचा, नारळाच्या बागा बघायच्या आणि परत यायचं. गडी जायला तयार होते, अडचण फक्त जेवणाची होती. तिकडं तिन्ही वेळा भात. आमच्या माणसाला भात सणाला गोड लागतो, रोज दिला तर तो उपाशी राहतो. म्हणून ज्वारीचं पीठ आणि भाकरी करणारी बाई सोबत न्यायचं ठरलं.

ती बाई मी. तीस-बत्तीस वर्षांची असेन. नवऱ्यानं दुसरी केली आणि मला भावाच्या दारात आणून सोडलं. त्यात जास्त सांगण्यासारखं काही नाही. भावानं मारलं नाही, भावजयीनं उपाशी ठेवलं नाही. माझ्याशी कुणी बोलायचं नाही एवढंच. "पीठ काढ," "पाणी आण," "धार काढ," हे बोलणं धरलं तर बोलायचे. मी पोत्यांच्या खोलीत निजायची. त्या खोलीत ज्याला लागेल तो केव्हाही यायचा, कधी दाणे काढायला, कधी दोर न्यायला.

गावातले जाणते गृहस्थ या सहलीचे पुढारी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. नात्यानं माझे लांबचे चुलते, गळ्यात तुळशीची माळ. ते नेणार म्हणून भावानं मला सोडलं. निघायच्या आधी आबांनी मला बोलावून घेतलं.

"पोरी, तालुक्याला पोरांचं बोर्डिंग निघालंय. सैपाकाला बाई पायजे. मी कमिटीत हाय."

मी खांबाला धरून उभी राहिले.

"सैपाकघराला लागून खोली हाय. एकटीची. ह्या दौऱ्यात तुझं काम बघतो, मग तिथं शब्द टाकतो."

"खोलीला कडी हाय का आबा?"

"असंल की."

"आतनं?"

आबा हसले. "आतनं बी असंल. चोराची भीती वाटती का तुला?"

मला चोराची भीती नव्हती. माझ्याकडं चोरण्यासारखं काही नव्हतं. पण आतून कडी लावून बसता येईल अशी जागा मला जन्मात मिळाली नव्हती. त्या खोलीसाठी मी गेले. समुद्र मनात होता, पण खोलीच्या खाली.

गाडी सरकारनं ठरवून दिली होती. पहिल्या मुक्कामाला ड्रायव्हरनं माझ्या तव्यावर अंडी तळली. मला सकाळी कळलं. आबांसारखे आठ माळकरी होते, त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्या तव्यावरची भाकरी खाल्ली नसती. मी तवा राखेनं तीनदा घासला, जाळावर लाल केला आणि कुणाला काही बोलले नाही. त्यानंतर तवा नजरेआड ठेवायचा नाही असं ठरवलं.

घाटमाथ्यावर गाडीनं आम्हाला उतरवलं. गाडी भांडी-पीठ घेऊन सडकेनं खाली जाणार, माणसं जंगलातल्या वाटेनं उतरणार. मला गाडीतून जाता आलं असतं, पण ड्रायव्हर-कंडक्टरबरोबर एकटी बाई कशी पाठवायची, म्हणून आबांनी मलाही चालायला लावलं. मी तवा चुंबळीवर ठेवला आणि उलथणं कमरेला खोचलं.

वाट दाखवायला तिथलाच एक म्हातारा होता. गुडघ्यापर्यंत पंचा, कमरेला मागं अडकवलेला कोयता. तो पुढं चालायचा आणि थोड्या थोड्या वेळानं हाळी द्यायचा. शेवटच्या माणसानं ओ द्यायची. ओ आली नाही तर तो थांबायचा. शेवटची मी होते. बावीस गड्यांत बाईनं ओरडायचं कसं? मी ओ दिली नाही. तो थांबला, सगळी रांग थांबली.

"शेवटाला कोण हाय? मुकं हाय काय?"

"बाईमाणूस हाय," आबा म्हणाले. "ती वरडायची न्हाय."

"गव्याला काय कळतंय बाई का बुवा?" म्हातारा म्हणाला. "डोक्यावर काय हाय तिच्या? तवा? मग तो वाजव गो."

गडी हसले. मी तवा वाजवला. उतरायला अर्धा दिवस लागला आणि तेवढा वेळ मी तवा वाजवत उतरले. म्हाताऱ्याची हाळी आली की दोन ठोके. त्या सगळ्या प्रवासात माझ्याशी सगळ्यात जास्त तोच बोलला.

जंगल मला आवडलं नाही. खरं ते सांगते. आमच्याकडं माणूस दोन कोसांवरून येताना दिसतो, चालण्यावरून ओळखताही येतो. इथं पुढच्या माणसाची पाठ दिसेना. आभाळ नाही. पाऊस संपून महिना-दीड महिना झाला असेल, तरी पानांवरून पाणी ठिबकत होतं. वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड. खाली पाला इतका की पाय घोट्यापर्यंत रुतायचा. वर झाडातून एवढं मोठं तांबडं जनावर उडी मारून गेलं की मी माकड समजले. म्हातारा म्हणाला, "खार हाय ती, शेकरू म्हणतात."

गडी मात्र खूश होते. एकानं पाला बाजूला करून मूठभर माती उचलली आणि हुंगली.

"आबा, ह्यातली दोन गाड्या माती न्हेली तर?"

"न्हे की. तिथं पाणी कुठनं आणतूस?"

ओढे लागले तेव्हा तर बोलूच नका. दर फर्लांगाला ओढा. प्रत्येक ओढ्यापाशी आमची माणसं थांबायची, पाणी प्यायची, तोंड धुवायची. तहान नसली तरी. म्हातारा वैतागला. "आवो, पुढं बी पानी हाय!" आमच्या माणसांना ते पटत नव्हतं. मीही प्रत्येक ठिकाणी प्याले.

दिवस कलताना खाली उतरलो. गाव समुद्राला लागून होतं, पण मधे नारळाच्या बागा आणि केवड्याचं बन, त्यामुळं समुद्र दिसत नव्हता. आवाज येत होता. मळणी चालू असावी तसा, पण न थांबणारा.

सकाळी एका घराच्या अंगणात आमची सोय होती. घरची बाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, काळीसावळी, हातात कामाचा झपाटा. तिनं आत चुलीवर मासळीची आमटी आणि भात घातला; माळ नसलेले गडी मासळीसाठी एक दिवस भात खायला तयार झाले होते. माळकऱ्यांना मासळीचा हात लागलेलं चालणार नव्हतं, म्हणून मी बाहेर फणसाखाली तीन दगड मांडले. वांग्याचं कालवण केलं आणि भाकरीला बसले.

तिथल्या दमट हवेनं पिठाची विरी गेली होती. थापायला घेतली की भाकरी चिरायची. मग पाणी उकळून पीठ त्यात भिजवलं, तेव्हा जमलं. जळणाला नारळाच्या झावळ्या. त्या भडकन पेटायच्या आणि विझायच्या. मी घामानं भिजले.

गडी समुद्राला निघाले तेव्हा मी आबांना विचारलं, "मी कवा बघू आबा?"

"जेवणं झाली की जा. समुद्र काय पळून चाललाय?"

ते गेले. मी थापत राहिले. लांबून त्यांची आरडाओरड ऐकू येत होती. साठ वर्षांची माणसं पोरांसारखी ओरडत होती. घरची बाई नारळ खवत उंबऱ्यात बसली.

"तू नाय गेलीस गो?"

"जेवणं झाल्यावर जाणार हाय."

"जेवल्यावर तुमची गाडी सुटते. डायवर सांगत होता, दिवसाउजेडी घाट चढायचा म्हणून."

मी हातातली भाकरी तव्यावर टाकली. आबांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी पुढं कधी विचारलं नाही.

शेवटची भाकरी झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गडी आले नव्हते. मी भाकऱ्या टोपल्यात रचल्या, वर फडकं घातलं. पत्रावळी मांडल्या, मीठ-चटणी वाढली, कालवणाचं पातेलं पत्रावळींच्या शेजारी ठेवलं.

"मी बघून येते," मी म्हणाले.

"जा. बेगीन ये. ओहोटी हाय, पानी लांब गेलेलं असंल."

पाणी लांब जातं म्हणजे काय ते मला कळलं नाही. केवड्याच्या बनातून बाहेर पडले तर समोर नुसती ओली वाळू, पेरणीआधीच्या रानासारखी सपाट, आणि पार टोकाला पांढरी रेघ. मी म्हटलं, आलेच आहे तर पायाला पाणी लागल्याशिवाय फिरायचं नाही. चालत राहिले. गडी दिसले नाहीत. ते खाडीच्या बाजूनं होड्या बघायला गेले होते. त्या सगळ्या वाळूवर मी एकटी होते. एवढ्या मोठ्या जागेत एकटी मी कधीच नव्हते.

घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. पाणी जाताना पायाखालची वाळू ओढून नेतं, तेव्हा आपणच सरकतोय असं वाटतं. मी लुगडं वर खोचलं. ओंजळीत घेऊन चाखलं, खारट होतं, थुंकले. खारट असतं हे चौथीच्या पुस्तकात होतं. तरी वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. मग मनात एकेक माणूस आणून बघितला. भाऊ, भावजय, शेजारीण. मी सांगायला लागले तर ऐकत बसेल असा एकही सापडला नाही. तेव्हा मी ओल्या वाळूतच खाली बसले. रडले वगैरे नाही. बसले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

परत आले तर अंगणात दोन रांगा होत्या. भात-मासळी खाणाऱ्यांची रांग उठून हात धूत होती. दुसऱ्या रांगेत आठ माळकरी मांडी घालून बसले होते. पुढं पत्रावळी, त्यावर मीठ आणि चटणी. भाकरीचं टोपलं आबांच्या हातापासून वीतभर लांब होतं. कुणी फडकंसुद्धा उचललं नव्हतं. घरच्या बाईनं वाढलेलं चालत नव्हतं, तिच्या हाताला मासळी. आणि आपण उठून घ्यायचं हे त्यांच्या डोक्यातच येणार नव्हतं. वाट बघत बसले होते.

"बाई," आबा म्हणाले, "माणसं पानावर बसून ऱ्हायली."

मी हात धुतले आणि वाढायला लागले. भाकऱ्या निवल्या होत्या, गार भाकरी वातड होते. आबांनी पत्रावळीभोवती पाणी फिरवलं, एक घास मोडला, बाजूला ठेवला आणि उठले. "माझं पोट भरलं."

बाकीच्यांनी खाली मान घालून खाल्लं. एक म्हणाला, "कालवण झकास झालंय," आणि आबांकडं बघून गप्प झाला.

गडी गाडीत बसायला लागले तेव्हा घरच्या बाईनं मला हाताला धरून आत नेलं आणि पाटावर बसवलं. लाल जाड भात, वर बांगड्याची आमटी, वाटीत कोकमाची कढी. मी समुद्राची मासळी पहिल्यांदाच खात होते. काटा कसा काढायचा तिनं दाखवलं.

"हात नव्हते काय त्यांना?" ती म्हणाली.

मी भातावर आमटी ओढली.

"आठ जणांना सोळा हात. टोपलं तिथंच."

"आमच्यात न्हाय घेत."

"आमच्यातबी नाय घेत," ती म्हणाली आणि मला आणखी भात वाढला.

गाडी भोंगा वाजवत होती. मी पोटभर जेवले. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. भूक लागली होती.

घाट चढताना आबा पुढच्या बाकावर होते, एकदाही मागं वळले नाहीत. माझ्या शेजारी पिठाची रिकामी पोती होती.

गावी आल्यावर मी महिनाभर वाट बघितली. भावजयीला खोलीचं सांगितलं नव्हतं, त्यामुळं कुणी विचारलंही नाही. मग एक दिवस कळलं की बोर्डिंगात मुरुम गावाकडची एक बाई लागली, विधवा. मी पदर खोचला आणि आबांच्या घरी गेले. ते ओसरीवर सुपारी कातरत होते.

"आबा, खोलीचं काय झालं?"

"बाई लागली तिथं."

"माझ्या कामात काय खोट होती?"

"कामात न्हाय." सुपारी कातरून झाली, मग म्हणाले, "पन्नास पोरं पानावर बसायची तिथं. तू समुद्र बघायला गेलीस तर?"

"तिथं कुठला आलाय समुद्र, आबा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत.

"बघितलास न्हवं?" म्हणाले.

"बघितला."

"मग झालं तर."

मी ओसरीची पायरी उतरले. घरी आले. भावजयीनं परात आणि पीठ चुलीपुढं काढून ठेवलं होतं. मी बसले आणि भाकरी थापायला घेतली.