पाटीच्या मागची बाई

वागळे इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. गाळा म्हणजे एक खोली, कोरायचं एक मशीन, पॉलिशचं एक, आणि मी. दारावरच्या नावाच्या पाट्या करतो. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं कोरतोय आणि अधूनमधून कथा लिहितो. दोन्हीकडे लोक चुकाच काढतात, त्यामुळे माझा स्वभाव जरा तिरसट झालाय. बायको म्हणते, तो आधीपासूनच तसा होता.

कथेतल्या माणसांची नावं ठरवणं हा माझा जुना त्रास. एकदा एका खाष्ट सासूला सहज सुचलेलं नाव दिलं, तर ते निघालं एका मावशीच्या विहिणीचं. दोन वर्षं मावशी माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मी कानाला खडा लावला आणि एक युक्ती काढली. गाळ्यात कायम दोन-चार पाट्या पडून असतात, करून घेतलेल्या पण कुणी न नेलेल्या. आमची रीत अशी की वर्षभर थांबायचं आणि मग पाटी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्याचं नाव कोरायचं. इतकं जाड पितळ वाया कशाला घालवायचं? त्या पाट्यांवरची नावं मी माझ्या कथांना घेऊ लागलो. जो स्वतःची पाटी न्यायला आला नाही, तो कथा वाचून भांडायला कुठून येणार, असं माझं गणित.

त्यातलीच एक पाटी होती एका बाईच्या नावाची. नाव जुन्या वळणाचं, आता कुणी मुलीला ठेवत नाही तसलं. आडनाव साधं. मध्ये नवऱ्याचं नाव नाही, आणि उजव्या कोपऱ्यात अबोलीची फुलं. ऑर्डर द्यायला एक गृहस्थ आलेले. नंतर त्यांचा फोन लागेना. पाटी सव्वा वर्ष फळीवर पडून राहिली आणि येता-जाता माझी नजर तिच्यावर जायची. शेवटी मी कथा लिहिली. कथेतल्या बाईला तेच नाव दिलं. तिचा नवरा घरात कुणाला न सांगता तिच्या नावाची पाटी करायला टाकतो आणि त्याच आठवड्यात ती त्याला सोडून निघून जाते, म्हणून पाटी पडून राहते. कोपऱ्यातली अबोलीसुद्धा मी कथेत घेतली, हातची कशाला सोडायची. एका लहानशा दिवाळी अंकात कथा छापून आली. मी खूश होतो.

मे महिन्यात भर दुपारी एक बाई गाळ्याच्या दारात उभ्या राहिल्या. पासष्टीच्या असतील. साधी कॉटनची साडी, घामाघूम, हातात वाचनालयाचा शिक्का असलेला तोच दिवाळी अंक. अंकात माझ्या नावाखाली छापलं होतं की लेखक वागळे इस्टेटमध्ये पाट्या करतात. तेवढ्या आधारावर डोंबिवलीहून येऊन, चार गाळे पालथे घालून त्या माझ्यापर्यंत पोचल्या होत्या.

"ही गोष्ट तुम्ही लिहिलीत?"

मी हो म्हणालो. कौतुक करायला आल्या असाव्यात असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"मी सोडून गेले नव्हते," त्या म्हणाल्या. "ते गेले."

मी त्यांना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. 

मग त्यांनी सांगितलं ते असं. कथेतलं नाव त्यांचं आहे, पण एकाही कागदावर नाही. आधार कार्डावर नाही, पासबुकात नाही, रेशन कार्डावरसुद्धा नाही. माहेरचं नाव ते. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून सगळे त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. "मला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती," त्या म्हणाल्या. आईवडील गेल्यावर जुन्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. डोंबिवलीत नवीन फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी नवऱ्यामागे भुणभुण लावली, की दारावर माझंही नाव लावा, आणि तुम्ही ठेवलेलं नको, माझं. तो म्हणाला, बघू. त्यांच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. त्यावरून एका सकाळी दोघांची चांगलीच जुंपली. तो चहा अर्धा ठेवून बाहेर पडला. चार दिवसांनी हार्ट अटॅकने गेला. ते चार दिवस दोघं धड बोलले नव्हते.

"लायब्ररीतून अंक आणला," त्या म्हणाल्या, "आणि त्यात माझंच नाव. माहेरचं नाव आणि सासरचं आडनाव असं जोडून मीसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. तरी म्हटलं, असेल योगायोग. पण अबोली? लग्नाआधी गावाला मी रोज अबोलीचा वळेसर माळायचे. हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक? आता एवढंच सांगा. ती पाटी तुमच्या मनातली, की खरी?"

"खरी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटून घेतले.  जी बाई मी मनाने घडवली असं समजत होतो, ती माझ्यासमोर स्टुलावर बसून पदराने मान पुसत होती. दुसरीकडे मी जिला खरी म्हणतोय, तिचं हे नाव सरकारदरबारी कुठेच नव्हतं. ते जगात दोनच ठिकाणी होतं, पितळेवर आणि माझ्या कथेत. इतकी वर्षं नावं कोरून मला नाव म्हणजे काय हे कळलं नव्हतं, हे त्या दुपारी कळलं.

"स्वतःच्या मनाने करून घेतली," त्यांनी विचारलं, "की माझी कटकट मिटावी म्हणून?"

हाच त्यांचा खरा प्रश्न होता, ऊन डोक्यावर घेऊन त्या त्यासाठी आल्या होत्या. गोड वाक्यं रचणं माझ्या हातचा मळ. पण त्यांच्यापुढे रचायची छाती झाली नाही. आठवत होतं तेवढंच सांगितलं.

"ताई, त्या माणसाने माझं डोकं खाल्लं होतं. फुलं मी तीनदा काढली आणि तिन्ही वेळा त्यांनी खोडायला लावली. म्हणे, ही मोगऱ्यासारखी झाली, ही जाईसारखी झाली, अबोली अशी नसते. शेवटी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतः काढली. माझं जेवण राहिलं त्या दिवशी. मी वैतागून म्हटलं, निदान मध्ये तुमचं नाव तरी घालू का, दारावरची पाटी आहे. तर म्हणाले, नको, माझं बरीच वर्षं लावून झालं."

त्या रडल्या, आणि रडतानाच थोडं हसल्या. "तीनदा," एवढंच म्हणाल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पाटी द्या मला."

इथे मात्र माझं तोंड पडलं. पाटी मी संक्रांतीनंतर उलटी करून कोरली होती. नौपाड्यातल्या एका दातांच्या डॉक्टरणीच्या क्लिनिकसाठी. लावायलाही मीच गेलेलो. म्हणजे त्या बाईंचं नाव गेले काही महिने नौपाड्यात भिंतीकडे तोंड करून उभं होतं. कथेत वापरून झालं, आता काय उपयोग, असा विचार मी पाटी उलटी करताना केला होता. तो आठवून मला स्वतःची लाज वाटली. तेही मी त्यांना सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. चप्पल घालून उठल्या आणि म्हणाल्या, "चला मग."

गाळ्याला कुलूप लावलं आणि रिक्षाने नौपाड्यात गेलो. डॉक्टरीण तरुण मुलगी. दोन पेशंटच्या मध्ये तिने आमचं ऐकून घेतलं आणि आधी तिचा विश्वासच बसेना. "माझ्या नावाच्या मागे?" ती म्हणाली आणि आमच्याबरोबर बाहेर आली. मी चार स्क्रू काढले, पाटी हातात घेतली आणि उलटी केली.

भिंतीच्या ओलीने अक्षरांच्या कडांना हिरवट रंग धरला होता. बाकी नाव जसंच्या तसं. बाईंनी चष्मा लावला नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवलं आणि मग कोपऱ्यातल्या फुलांवर आणलं. "पाकळ्या बरोबर काढल्यात," त्या म्हणाल्या. डॉक्टरीण वाकून बघत होती. दात दुखणारे पेशंटही गालावर हात ठेवून बघत होते.

"काकू, घेऊन जा ही," डॉक्टरीण म्हणाली. "मला हे दुसरी करून देतील. काय हो?"

देणं भागच होतं.

"अगं, पण मागे तुझं नाव आहे," बाई म्हणाल्या.

"राहू दे की. मीही तुमच्या भिंतीकडे तोंड करून राहीन."

पुढच्या रविवारी मी डोंबिवलीला गेलो. बाईंच्या दारावर नवऱ्याच्या नावाची जुनी पाटी होती, तिच्या खाली ही लावली. हिरवट रंग मी साफ करून देणार होतो, पण त्यांनी हात लावू दिला नाही. निघताना म्हटलं, कथा पुस्तकात घेईन तेव्हा शेवट बदलतो, तुम्हाला घरात ठेवतो. त्यांनी मान हलवली. "कथेतलीला जाऊ दे. तिचं तिला. आणि माझं नाव आता दारावर आहे, पुन्हा छापू नका." म्हणून मी ते इथे लिहिलेलं नाही. पुस्तकात त्या बाईला नाव नसेल.

मी जिन्याकडे वळलो तशा त्या म्हणाल्या, "एक काम करा. मी दार लावून घेते. तुम्ही बेल मारा आणि पाटीवरच्या बाई आहेत का विचारा. नाव घेऊन."

त्यांनी दार लावलं. मी पाहुण्यासारखा उभा राहिलो. ते नाव मी कोरलं होतं, पंधरा पानं भरून लिहिलं होतं, पण मोठ्याने एकदाही उच्चारलं नव्हतं. बेल दाबली आणि नाव घेऊन विचारलं, आहेत का घरात. आत बराच वेळ काहीच हललं नाही. मी पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने.

"आले," आतून आवाज आला. "आले, आले."

दार उघडलं तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला होता. माझी ओळख नसल्यासारखं त्या म्हणाल्या, "हो, मीच. या ना, बसा."

मी आत जाऊन बसलो.