शेवटच्या बाकावरचा औषधवाला

नौबाद भागातल्या ट्यूशनला माझ्या मुलीला सोडताना तो मला रोज वर्गात शेवटच्या बाकावर दिसायचा, चाळिशी उलटलेला. त्याच्या गावात वीस वर्षं त्याचं मेडिकल होतं, पण भिंतीवरचं फार्मसीचं सर्टिफिकेट भाड्याचं. ज्याचं होतं, त्यानं ते परत मागितलं. दुकान टिकवायचं तर फार्मसीला प्रवेश हवा आणि त्यासाठी आधी बारावी सायन्स.

एका चाचणीत त्याला रसायनशास्त्रात चार गुण पडले. तरुण सर म्हणाले, “अण्णा, कामून तरास करून घ्यायलाव?”

“गाव मला डाक्टर म्हणायलंय, तुमी नापास म्हणायलाव. कुनाचं खरं धरू?”

सर हसले. मग आवाज खाली आणून त्यांनी पित्तावर काहीतरी मागितलं. त्यानं दप्तरातून कागदाची पुडी काढली, आत तीन रंगांच्या सुट्ट्या गोळ्या. रसायनशास्त्राच्या सरांनी त्यात काय आहे, हे न विचारताच त्या गिळल्या.