मी प्यालो नव्हतो

शाळेच्या पडवीत त्यानं मला खडूनं सरळ रेघ ओढायला लावली. माझ्याच हातानं. मग म्हणाला, "मास्तर, हिच्यावरनं चालून दाव."

तो शाळा समितीचा अध्यक्ष. ईट गावाच्या अलीकडच्या त्या खेड्यातली निम्मी जमीन त्याच्या घराची. मी महारवाड्यातला, चौथीचा मास्तर. पोरं वर्गाच्या दारात गोळा झाली होती. ज्यांना मी सकाळी पाढे शिकवले, ती.

मी चाललो. पाय लाकडासारखे ताठ. गुडघा वाकेना. तीन पावलं कशीबशी पडली, मग एक पाय दुसऱ्यात अडकला आणि मी तोंडावर पडलो. एक पोरगं हसलं. मग सगळी हसली.

"पेलाय," अध्यक्ष म्हणाला.

खात्री करायला तोंडाचा वास घ्यायला पाहिजे. पण माझ्या तोंडाजवळ तो स्वतःचं तोंड कसं आणणार? समोर करीमचाचांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांना बोलावलं. म्हातारा माणूस माझ्याजवळ गुडघ्यावर बसला, वाकला आणि त्यानं माझं तोंड हुंगलं.

"मालक, वास न्हाय येत," चाचा म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

संपलं. मास्तर शाळेत नशेत सापडला असा कागद झाला. खाली दोघा पंचांच्या सह्या. ते दोघं त्या वेळी तिथं नव्हतेच.

मी पडलो याची लाज मला वाटत नाही. आजारी माणूस पडतो. मी चाललो याची वाटते. तो चाल म्हणाला आणि मी चाललो. बाप चालत आला, आजा चालत आला, तसाच.

मी दारू कधी प्यालो नाही. बाप प्यायचा. आईला त्यानं कसं मारलं ते पाहत मोठा झालो. पुढं आमच्या वाड्यानं धम्म घेतला, तेव्हा दारूला शिवणार नाही अशी सगळ्यांच्या देखत शपथ घेतली. ती मला नवी नव्हती. आईच्या पायाशी बसून मी ती आधीच घेतली होती.

पाय वर्षभर ताठत होते. सकाळी अंथरुणातून उठलो की टाच टेकत नसे. चालताना चवडे जमिनीला घासत. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. मी कुणाला बोललो नाही. मास्तरकी जाईल ही भीती.

आठ-दहा दिवसांनी धाराशिवहून शाळा तपासणारे साहेब आले. गोड माणूस. बसायला खुर्ची दिली. म्हणाले, प्रकरण वाढवू नका, प्यायल्याचं कबूल करून माफी लिहून द्या, दुसऱ्या गावी बदली करतो. मी कागद घेऊन घरी आलो आणि लिहायला बसलोही. वर तारीख घातली.

माझी बायको शेवंता चुलीपुढून उठून आली. तिला तेव्हा अक्षर येत नव्हतं. काय लिहितोय ते तिनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमी पेला न्हाय. मग पेलो असं लिवता कशाला?"

चौथीच्या पोराला जे कळलं असतं ते मला तिनं सांगितलं. मी कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला सोलापूरला नेलं. मोटारीत चढवलं, उतरवलं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर तर जवळजवळ उचललंच. तिथल्या डॉक्टरांनीही पहिल्यांदा तेच विचारलं, किती पिता. मी म्हणालो, थेंबही नाही. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग माझे पाय स्वतःच्या हातात घेतले. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली तर पाय लाथ मारल्यासारखा उडाला. तळव्यावर किल्लीचं टोक ओढलं तर अंगठा वर गेला.

"गुरुजी, दोष तुमच्या पायात नाही," ते म्हणाले. "लिव्हर खराब झालंय. रक्तातलं विष त्याच्याकडून काढलं जात नाही. ते पाठीच्या कण्यातल्या नसांना बाधलंय. मी हे पुस्तकात वाचलं होतं. पाहतोय पहिल्यांदाच."

औषध? नाही. पाय आणखी ताठतील.

लहानपणी कावीळ झाली होती का, त्यांनी विचारलं. दोनदा झाली होती, बोर्डिंगात असताना. त्या काविळीनंच लिव्हर गेलं असं छातीठोक सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मीही सांगत नाही. मी एवढंच सांगतो की बोर्डिंगच्या विहिरीला आम्हाला हात लावू देत नव्हते. आम्ही ओढ्यातल्या खड्ड्याचं पाणी प्यायचो, आणि वरच्या अंगाला गावची गुरं धुवायचे. मी काय प्यालो याचा कागद करायचाच असेल, तर तो तिथून सुरू करा.

डॉक्टरांनी सगळं लिहून दिलं. ती चिठ्ठी मी साहेबांपुढं ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. म्हणाले, "आजार खरा आहे, मान्य. पण गावात शांतता राहायला पाहिजे. 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे,' एवढीच ओळ लिहा."

मी उभा होतो. म्हणालो, "साहेब, दिलगीर त्यांनी व्हावं. मी लिहिणार नाही."

मला कामावरून काढून घरी बसवलं. प्रकृतीचं कारण दाखवून.

मी धाराशिवच्या कचेरीत अर्ज केलाय. अध्यक्षानं काय केलं, कुणासमोर केलं, खोट्या सह्या कुणाच्या, सगळं त्यात आहे. करीमचाचांनी साक्ष द्यायचं कबूल केलंय. त्यांच्या दुकानाकडं गाव फिरकायचं थांबलंय, तरी.

धाराशिवला दोन तारखा पडल्या. अध्यक्ष आला नाही. तिसऱ्या तारखेला मी जाणार, चौथीला जाणार. आज काठीवर जातो. उद्या शेवंताच्या पाठीवर जाईन, परवा बाजेवर. तो माझ्यासमोर उभा राहून उत्तर देईपर्यंत जाणार.

मी मेलो तरी अर्ज मागं घ्यायचा नाही, हे मी शेवंताला सांगितलं. ती आता वाचते, सही करते. म्हणाली, "हे सांगाया कशाला पायजे?"