सत्तराव्या पायरीवरचा हात

एकतीस वर्षं त्या जुन्या बुरुजाचं दार किल्लीवाले काकाच उघडत होते. किल्ली वीतभर, कुलूप हट्टी; आधी डावीकडे रेटायचं, मग फिरवायचं. दार उघडलं की काका पुढे, पाहुणे मागे.

"एकशे बेचाळीस पायऱ्या आहेत. मोजत बसू नका, दम लागेल. मी मोजून ठेवल्यात."

सत्तराव्या पायरीवर ते हमखास थांबत. तिथे भिंतीच्या गिलाव्यात लहान मुलीच्या पंजाचा ठसा होता. "बुरूज बांधणाऱ्या गवंड्याची लेक. बापाची न्याहारी घेऊन यायची. एकदा ओल्या चुन्यावर हात टेकला. बापाला काही तो पुसवला नाही." ऐकणारे वाकून ठसा बघत.

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. ठसा काकांच्याच लेकीचा. ती पाच वर्षांची होती, बुरुजाची डागडुजी चालली होती आणि घरी आई तापाने पडलेली, म्हणून काकांनी तिला कामावर आणलं होतं. पुढे एका पाहुण्याने ठशाबद्दल विचारलं. नोकरी जाईल या धास्तीने काकांच्या तोंडून तो गवंडी निघाला, आणि त्याने तिथे मुक्कामच ठोकला.

लेक शिकली, शहरात यंत्रांच्या कंपनीत लागली. यंदा आठ दिवस घरी आली ती रोज बुरुजावर. "बाबा, सगळं पहिल्यापासून सांगा ना." लहानपणी कंटाळून पळणारी पोर आता पायरीन् पायरी ऐकत होती. काका हरखून गेले.

"वारस मिळाला मला," त्यांनी तिकीटखिडकीतल्या कारकुनाला सांगितलं.

"सांभाळा हं काका, वारस आला की म्हातारा निकालात निघतो." दोघेही खो खो हसले.

दोन महिन्यांनी खात्याचे साहेब खोकी घेऊन आले. आत चाळीस हेडफोन. ठरावीक पायरीशी पोचलं की माहिती आपोआप कानात सुरू. "काका, आता चढायची दगदग संपली. तुम्ही फक्त दार उघडायचं."

खोक्यांवर लेकीच्या कंपनीचं नाव होतं.

काकांनी तिथूनच फोन लावला. "तू सुट्टीवर आली होतीस की कामावर?"

"बाबा, तुमचे गुडघे किती दुखतात..."

"गुडघ्यांचं राहू दे. विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

काकांनी फोन ठेवला. सांगितलं असतं. हौसेने सांगितलं असतं. तेच तर लागलं होतं.

मग त्यांनी एक हेडफोन कानाला लावला आणि चढायला लागले. आवाज कुणा परक्याचा, शब्द मात्र त्यांचे. 'मोजत बसू नका, दम लागेल'सुद्धा तसंच्या तसं. सत्तराव्या पायरीवर ते सवयीने थांबले.

"डावीकडचा ठसा अलीकडच्या डागडुजीतला असून त्याला ऐतिहासिक महत्त्व नाही. कृपया पुढे चला."

मागून आलेल्या बाईंनी ठशाकडे पाहिलं न पाहिलं, आणि त्या पुढे गेल्या.

काकांनी हेडफोन काढला. त्या इवल्या पंजावर आपला तळवा ठेवला. "सगळं चोरलंस ना?" ते भिंतीला म्हणाले. "मग ही गोष्टही चोरायची होतीस, पोरी."

खाली कारकून वाटच बघत होता. "काय काका, काढली की नाही एखादी चूक?"

"एकही नाही," हेडफोन खोक्यात ठेवत काका म्हणाले. "माझीच पोर आहे."