तुर्भ्याहून आणलेले टायर

मे महिना संपत आला होता आणि मी आमची जुनी जीप घेऊन नवी मुंबईला निघालो होतो. लोक तिकडे नोकरीला जातात, दवाखान्याला जातात, लग्नाचा बस्ता बांधायला जातात. मी जीपला मोठे टायर बसवायला निघालो होतो. ऐकणाऱ्याला हसू यावं असंच काम, पण आमच्या घरात कुणी हसलं नाही.

आमचं गाव महाडच्या वर, डोंगरात. माझे वडील, आप्पा, तिथे आयुष्यभर हीच जीप वडापला (माणशी भाडं घेऊन चालणारी गाडी) चालवत आले. बाजाराला उतरणारं आमच्या खोऱ्यातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या मागच्या बाकावर बसलेलं आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते स्वतः खाली उतरून, काखेत हात घालून वर चढवायचे. आता त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला खाली न्यावं लागतं, आणि वाटेत एक ओढा आहे. गेल्या पावसाळ्यात त्या ओढ्यात जीपचं पोट दगडाला लागलं, गाडी अडकली आणि आप्पांची एक पाळी चुकली. अंगात पाणी साठून ते दोन दिवस बसूनच श्वास घेत होते. पुन्हा चुकलं तर माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. म्हणून पावसाच्या आत जीप उंच करायची होती. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, नव्या टायरांचीही नव्हती. मावसभाऊ संजू घणसोलीला राहतो. तो म्हणाला, तुर्भ्याला जुने चांगले मिळतात, ये घेऊन.

सोमवारची पाळी आटोपून मी मंगळवारी निघालो. गुरुवारच्या पाळीला परत यायचं होतं. आप्पा ओट्यावर सुजलेले पाय सोडून बसले होते.

"नुसतं टायर मोठं करून भागत नाय," ते म्हणाले. "मडगार्डला घासतं. पाटं बी चढवून घे."

पाटे म्हणजे चाकावर गाडीचं वजन पेलणारी लोखंडी पट्ट्यांची कमान. त्यांना गाडीतलं सगळं कळतं. आजारपणात तेवढंच शाबूत राहिलंय.

गोवा रस्त्याचं काम माझ्या तरुणपणापासून चालू आहे आणि मी म्हातारा होईपर्यंत ते संपणार नाही अशी माझी खात्री आहे. एका ठिकाणी आपण रस्त्यावर आहोत की खाणीत, हेच कळेना. पनवेल सोडल्यावर मात्र रस्ता एकदम रुंद झाला आणि माझी जीप एकदम लहान. दोन्ही अंगांनी गाड्या भुर्रकन जात होत्या. उजवीकडे डोंगर अर्धा पोखरलेला दिसत होता, डावीकडे लांबवर खाडी, तिच्या काठाला तिवराची झाडं आणि त्यांच्या डोक्यावर इमारती. आभाळ, खाडी आणि इमारती या सगळ्यांचा रंग एकच होता, राखेचा. लोक म्हणतात हे शहर नीटनेटकं वसवलंय. असेल. मला त्या दुपारी तिथे एकही माणूस उभा राहून दुसऱ्याशी बोलताना दिसला नाही.

घणसोली गावात शिरल्यावर जरा बरं वाटलं. घराला घर चिकटलेलं, खाली दुकान, वर भाडेकरू, आणि गल्ली एवढी अरुंद की जीपचा आरसा मिटून घ्यावा लागला. संजूची खोली तिसऱ्या मजल्यावर, एकच. तो तुर्भ्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. त्याच्या बायकोनं चहा दिला, आप्पांची चौकशी केली. आजारी माणसाबद्दल दुसऱ्यांदा काय विचारायचं, हे कुणालाच माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी संजूनं रजा टाकली आणि आम्ही सकाळीच तुर्भ्याला गेलो. तुर्भे म्हणजे ट्रकांचं गाव. रस्त्याच्या कडेला ट्रक झोपलेले, त्यांच्या सावलीत ड्रायव्हर झोपलेले, आणि हवेत डिझेल आणि कसल्याशा केमिकलचा वास. टायरवाल्यांची दुकानं एका रांगेत आहेत. आत अंधार, दारात माणसापेक्षा उंच टायरांचे ढीग. आम्हाला साडेसात-सोळा हवे होते. हा छोट्या टेंपोला लागणारा टायर. आमच्या जीपला मुळात सहा-सोळा येतो, त्यामुळे हा बसला की गाडी उचलली जाते.

पहिल्या दुकानातला माणूस फार गोड बोलत होता.

"घ्या ना बॉस, एक नंबर पीस आहे. डोळे झाकून टाका. टेन्शनच नको."

टायर काळेभोर, नुकतेच न्हाऊ घातल्यासारखे. मी एक आडवा पाडला आणि गुडघा देऊन दाबला. बाजूच्या रबराला बारीक भेगा उघडल्या, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा.

"ह्या काय?" मी विचारलं.

"ते पॉलिशचं आहे."

"पॉलिशला भेगा पडतात का हो?"

तो हसला. संजूनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "दादा, भांडू नको. इथं सगळेच पॉलिश मारतात. आपण बघून घ्यायचं."

बघता बघता दुपार झाली. चारही सारखे कुठे मिळेनात. एकाकडे दोन चांगले, दुसऱ्याकडे एक. माझा धीर सुटत चालला होता. रिकाम्या हातानं परत जाऊन आप्पांना काय सांगायचं, हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी रांगेच्या टोकाला एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे एकाच टेंपोवरून उतरवलेले चार मिळाले. नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक, रबर मऊ. तो पॉलिश लावत नव्हता आणि बोलतही नव्हता.

"टेंपोचं काय झालं?" मी विचारलं.

"भंगारात गेला," तो म्हणाला. तेवढंच.

बसवण्यासाठी संजूनं मला घणसोलीतच रामाशेटच्या गॅरेजवर नेलं. रामाशेट इथला मूळचा आगरी माणूस. दोन मोठ्या टॉवरांच्या मध्ये पत्र्याची शेड, आत एक खड्डा, एक जॅक आणि भिंतीला देवीचा फोटो. त्यानं जीपभोवती एक फेरी मारली आणि खाली वाकून पाहिलं.

"कुठशी आयलास?"

मी गावाचं नाव सांगितलं, ओढ्याचं सांगितलं, आप्पांचं सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि एकीकडे पान्यानं नट सैल करत होता.

"पानी कवरा अस्तं?" (पाणी केवढं असतं?)

मी गुडघ्याच्या वर हात दाखवला.

"न दगर?"

मी तळहात ठेवून दगडाची उंची दाखवली. त्यानं तेवढीच खूण जीपच्या चाकाशी धरून पाहिली, मग आणखी बोटभर वर धरली. नंतर आम्ही तिघांनी मिळून जीप तेवढी उंच केली. भंगारातल्या टेंपोचे पाटे शोधून ते आमच्या पाट्यांत घातले, कमान उंच केली, चाकं चढवली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून बघितलं. डावं चाक मडगार्डला घासत होतं. आप्पांनी सांगितलं होतंच. रामाशेटनं मडगार्डची कड कापली, ठोकून आत वळवली आणि पुन्हा स्टिअरिंग वळवून दाखवलं. मग त्यानं खाली एक रिकामं पिंप आडवं सरकवलं. पिंप आरपार निघून गेलं. मला इतका आनंद झाला की मी संजूला मिठी मारली. या सगळ्या दिवसांत मनासारखी झालेली ती एकच गोष्ट होती.

रामाशेटच्या घरून जेवण आलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले मासे) कालवण. तिखट आणि चवीला जरा मातकट, पण मी पोटभर जेवलो.

"हितंच आमचा शेत होता," तो भाकरी मोडत म्हणाला. "भात पिकाचा. पल्याड मिठागर. निवट्या आमी हातान धरायचो. आता बाजारातशी आनतो."

"पैसे मिळाले असतील ना जमिनीचे?" संजूनं विचारलं.

"मिलाले. गेले." त्यानं हात धुतले. "बापूस बघाचा न रराचा. येकदा बोलला, मना शेतान न्या. आता कुठं नेऊ त्याला? आठव्या माल्यावर?" (वडील बघायचे आणि रडायचे. एकदा म्हणाले, मला शेतात न्या. आता कुठे नेऊ, आठव्या मजल्यावर?)

शेडच्या पलीकडे कुणाच्या तरी सोसायटीत पोहण्याचा तलाव होता, तिथून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

निघताना मी स्टिअरिंगवर बसायला गेलो तर रामाशेटनं अडवलं.

"मालक कोन गारीचा?"

"वडील."

"मंग पयला मान त्यांचा. तू नुसता डायवर. घरी गेलास का चाकांखाली लिंबू ठेव, नारल फोर, न सगल्यांसमोर त्यांना बसव. ते बसल्याबिगर गारी लागाची नाय." (ते बसल्याशिवाय गाडी लाभणार नाही.)

मला ते फार आवडलं. परतीच्या वाटेवर मी त्याच विचारात होतो. मोठ्या चाकांनी गाडी जड ओढत होती, ब्रेकही उशिरा लागत होता, पण खड्डे पूर्वीसारखे लागत नव्हते. खाडी मागे पडली, टॉवर मागे पडले. आमच्या ओढ्यात अजून पाणी नव्हतं. मी मुद्दाम सगळ्यांत मोठ्या दगडांवरून गाडी घातली. एकही लागला नाही. एकटाच असून मोठ्यानं हसलो.

गुरुवारी सकाळी डायलिसिसला निघण्याआधी मी शेजारपाजाऱ्यांना बोलावलं. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. आप्पांनी पांढरा सदरा घातला, टोपी घातली. टायरवरून हात फिरवला, वाकून पाटे बघितले.

"चांगलं काम केलंय," ते म्हणाले. "माणूस जाणता दिसतोय."

मी नारळ फोडला. आप्पांनी दारावरच्या दांडीला हात घातला आणि उजवा पाय उचलला. पाय पायरीपर्यंत पोचला नाही. त्यांनी तो खाली ठेवला, लुंगी नीट केली आणि पुन्हा उचलला. वीतभर कमी पडत होता. सुजलेला गुडघा त्याच्यापुढे वाकतच नव्हता. सगळे बघत होते. आईनं आतून स्टूल आणलं. स्टुलावर ते चढले, पण तिथे त्यांचा तोल जायला लागला. शेवटी मी मागून त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचलून आत ठेवलं. उचलताना कळलं, अंगावर एवढी सूज असून ते किती हलके झालेत.

आप्पा समोर बघत म्हणाले, "चल. उशीर नको."

मी गाडी चालवत होतो आणि माझीच मला लाज वाटत होती. दगड किती उंच, पाणी किती खोल, पिंप आरपार जातं की नाही, सगळं मोजलं. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांचा पाय कुठवर उचलतो, हे तीन धडधाकट माणसांतल्या एकाच्याही मनात आलं नाही. पाटे उतरवून गाडी पुन्हा खाली आणावी, तर पावसात ओढा आहेच. आता पावसाळाभर हे असंच चालणार, आणि पावसाळा संपेपर्यंत ते असतील का, हेही मला ठाऊक नव्हतं.

दवाखान्याच्या दारातच वडापचा थांबा आहे. सात-आठ गाड्या लागलेल्या होत्या. मी जीप उभी केली तसे ओळखीचे ड्रायव्हर जवळ आले. एकानं टायरवर लाथ मारून बघितली.

"आप्पा, काय टायर टाकलाव! आता तर राजाच. या खाली, चहा मारू."

आप्पा हसले. "हो पुढं. येतो," म्हणाले.

ते गेले, टपरीशी उभे राहिले आणि आमच्याकडे बघत राहिले. मी दार उघडलं आणि हात पुढे केले. आप्पांनी माझे हात हळूच बाजूला सारले आणि दांडी घट्ट धरून बसून राहिले. आतून परिचारिका बाहेर आली, आप्पांचं नाव पुकारलं, मशीन लावायची आहे, लवकर या, म्हणाली.

"आप्पा, पाळी जाईल," मी म्हणालो.

"त्यांच्या गाड्या भरू दे," ते म्हणाले. "भरल्या की जातील ते. मग उतरव मला."