माझा वेगळा कप

रांजणगावच्या कंपनीत रक्तदान केलं, त्याच्या चौथ्या दिवशी रक्तपेढीतून फोन आला. सरकारी दवाखान्यात जाऊन एकदा तपासणी करून घ्या, फोनवर जास्त सांगता येत नाही, म्हणाले. माझी पाचावर धारण बसली. मी कंपनीच्या लॅबमध्ये, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. असा फोन कशासाठी येतो हे मला कुणी सांगायला नको होतं.

शिरूरच्या खोलीवर बायको आणि तीन महिन्यांची लेक. लेक अंगावर पिणारी. मला एचआयव्ही असेल तर बायकोला असेल, आणि दुधातून लेकीला. यापुढं डोकं चालेचना.

चालायचं ते भलतीकडंच. एचआयव्हीचा विषाणू पेशीच्या आत जुळतो आणि बाहेर पडताना आपल्याच पेशीचं आवरण अंगावर ओढून घेतो. त्या आवरणात त्याची प्रथिनं आधीच येऊन बसलेली असतात. ती नसली तरी कण बाहेर पडतो, पण पुढच्या पेशीत त्याला शिरता येत नाही. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं. ते आवरण साबणानं विरघळतं, कपाताटातून हा रोग होत नाही, हेही पाठ. तरी घरी येऊन मी माझा कप आणि ताट वेगळं केलं. डोंबलाचं शिक्षण. दवाखान्यात जायचं मात्र आठ दिवस टाळलं.

नातीसाठी खुटबाववरून आई आली होती. तिनं खिडकीत ठेवलेला कप पाहिला. तरुणपणी ती ज्यांच्या शेतात खुरपायला जायची, तिथं आम्हा बौद्धवाड्यातल्यांचा कप गोठ्यात वेगळा असायचा. आपणच धुवायचा, आपणच परत ठेवायचा.

"ह्यो कप कुणाचा?" तिनं विचारलं.

माझा, म्हणालो.

"तुला कुणी येगळा ठेवाया लावला?"

मला रडू फुटलं, सगळं सांगून टाकलं. तिनं त्याच कपात चहा ओतला आणि पिऊन टाकला. मग म्हणाली, "आता तिला सांग. म्या न्हाई सांगायची."

बायको लेकीला पाजत होती. ऐकून ओरडली नाही. फोन कधी आला, एवढंच विचारलं.

"आठ दिवस मी हिला पाजतेय," ती म्हणाली, आणि लेकीला अंगावरून काढून आईकडं दिलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी रक्त तपासलं. तिच्यात काही निघालं नाही. माझ्या एका पट्टीवर पुसट रेघ आली, दुसरीवर नाही. पट्टीवर त्याच आवरणातल्या प्रथिनांचे तुकडे असतात, कधी रक्तातलं भलतंच काही त्यांना चिकटून खोटी रेघ उमटते, हे मला माहीत होतं. धीर मात्र येईना. पंधरा दिवसांनी परत बोलावलं. नवी लागण तपासणीत लगेच दिसत नाही, म्हणून ते पंधरा दिवस लेकीला वरचं दूध दिलं, आणि तिच्या रडण्यानं माझी झोप उडाली.

पंधरा दिवसांनी रेघ आलीच नाही. घरी येताच बायकोनं लेकीला छातीशी धरलं. लेकीनं तोंड फिरवलं. पुन्हा धरलं, पुन्हा फिरवलं. तिला बाटलीची सवय लागली होती. बायको तशीच बसून राहिली, आणि मी उठून बाटली उकळत ठेवली.